सोन्यावरची कल्हई

उंबऱ्यात काय उभी राहतेस गो शेवंते, माझी नात असून परक्यासारखी? ये, अशी जवळ बस. आणि बोटातली अंगठी सारखी फिरवू नको, कड झिजते.

महाडच्या पेठेत आमचं सोनाराचं दुकान. हे गेल्यावर ते मीच चालवलं, काम बघून बघून शिकले. तेव्हा बोट बघितलं की माणसाची पायरी कळायची. खोताच्या अंगठीवर शिक्का, कागदावर उठवायला. भटजींच्या बोटात पूजेला दर्भाचं पवित्रक. साडेसातीवाल्याच्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. आणि महारवाड्यातल्या बायकांच्या बोटात कथील, नाहीतर पितळ. सोनं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

वरंधकडच्या एका गावातले हवालदार तिथल्या महारवाड्यातले. पलटणीतून पेन्शनवर आलेले. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी माझ्याकडून सोन्याची अंगठी घडवून घेतली. ते पायरीखाली उभे राहिले, मी वरून ओंजळीत टाकली. रीत होती, मी पाळली.

दोन दिवसांत त्यांच्या गावचे चौघे दुकानात हजर.

"सोनारीणबाई, ती अंगठी दिसली तर मांडव जाग्यावर राहायचा नाय. नि आमचं गाव तुझ्या दुकानात यायचं नाय."

मी घाबरले. हवालदारांना बोलावून घेतलं.

"वरून कल्हई देते. आत सोनंच राहील, दिसेल कथलाची."

"लोकं पितळेला सोन्याचं पाणी देतात, बाई. तुमचं उलटंच हाय."

"लग्न तर पार पडू दे."

त्यांनी अंगठी पायरीवर ठेवली.

सोनं वितळवायच्या मातीच्या वाटीला आम्ही मूस म्हणतो. तिच्याजवळ कथील ठेवत नाहीत. कणभर मिसळलं तरी सोनं ठिसूळ होतं. हे मला ठाऊक होतं. तरी कल्हई धरावी म्हणून नवसागर घेतला आणि ती फिरवली.

लग्न नीट झालं. चार-पाच वर्षांनी हवालदार परत आले. या खेपेला पायरी चढून आत.

"कल्हई काढा, बाई. लेक म्हणते, आता उघड घालणार. आमच्या वाडीत आता कोण भीत नाय."

अंगठी निखाऱ्यावर धरली. कथील निघायच्या ऐवजी आत मुरलं. चिमट्यात उचलली, तर तीन तुकडे.

"कथील असंच असतं," मी म्हटलं.

"कथील आपणहून चढलं नाय, बाई."

नवी घडवून देते म्हटलं, तर नको म्हणाले. तुकडे रुमालात बांधले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

यातून शिकायचं एवढंच, की सोन्याला कथील लावू नये. आणि लावलंच, तर कोणी लावायला सांगितलं ते नंतर सांगत बसू नये.

तू मात्र येत जा गो, लवकर ये. आणि आलीस की सरळ आत येऊन बस.