कडी काढली गं अक्का

‘चला, पुढं सरका, जागा हाय पुढं!’ हे तिचं वाक्य. नांदेड–हदगाव एसटीवर ती कंडक्टर होती, आणि माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत गायला आली तरी हेच. कीबोर्डवाला सुरुवातीचे सूर जरा लांबवायला लागला की ही माईकमागून ओरडायची, ‘पुढं सरका ओ दादा!’

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कधी बसलेली दिसत नाहीत. गातानाही तिचे हातपाय हलत. चपलांचा आवाज येतो म्हणून त्या काढायला लावल्या, तर बांगड्या वाजू लागल्या. शेवटी बांगड्यांवर रुमाल बांधून गाणं घेतलं.

गाणं तिनं स्वतःच रचलं होतं. चाल वरातीत नाचायची, शब्द मात्र वेगळेच : ‘दारात रडलीस, ऐकलं मी गं; कडी काढली गं अक्का, आता तरी ये.’

मी विचारलं, ‘ताई, ही अक्का कोण?’

‘हाय माझी थोरली बहीण. उदगीरला.’

मग तिनं सांगितलं. अक्कानं आपल्या मनानं लग्न केलं, दुसऱ्या जातीत. वर्षानं ती माहेरी आली तेव्हा वडील म्हणाले, दार उघडायचं नाही. ‘कडी मी लावली. ह्या हातानं.’ पुढं वडील वारले. पण अक्का आली नाही, हिचा फोन उचलला नाही.

गाणं नेटवर टाकलं. पहिले काही दिवस शुकशुकाट. मग कुणाच्या तरी वरातीतला नाच मोबाईलवरून फिरला, आणि बघता बघता गाणं ऑटोत, मोंढ्याच्या बाजारात, कॉलेजच्या गेटवर वाजू लागलं. एका सकाळी ते मराठी गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं! मी पेढे घेऊन बसस्टँडवर धावलो. तिनं पेढा हातातच धरला.

‘तिचं आलं का काही?’

मग हे रोजचंच झालं. फेरी संपली की फोन. ‘एवढ्या लोकांनी ऐकलं म्हणता, मग तिनंच न्हाई का ऐकलं?’ गाण्याखालच्या हजारो प्रतिक्रिया ती एकेक करून वाचायची. लोक मुलाखत मागत, दुसरं गाणं मागत. ‘बघू’ म्हणून ती पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालायची. डोळे खोल गेले होते.

‘ऐकून गप बसली असंल तर?’ एकदा तिनं विचारलं.

एका दुपारी ती गणवेशातच जिना चढून आली आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. बदामांच्या आणि टाळ्यांच्या गर्दीत एक ओळ होती : ‘मी रडले न्हवते. खोटं कशाला गायलीस?’

लोकांनी तिथं हसरे चेहरे टाकले होते. त्यांना ती थट्टा वाटली.

‘अक्काच हाय,’ ती म्हणाली. ‘एवढ्या हक्कानं दुसरं कोण भांडंल माझ्याशी?’ आणि भिंतीला टेकून खालीच बसली. थोड्या वेळानं उठली आणि रजेचा अर्ज लिहायला माझ्याकडं कागद मागितला.

त्यानंतर ती स्टुडिओत आली नाही. दुसऱ्या गाण्यासाठी मीच एकदा तिला फोन लावला. अनोळखी बाईनं उचलला.

‘ती भाकरी थापायलीय. काय काम होतं?’

मी नाव सांगेपर्यंत मागून ओळखीचा आवाज आला, ‘अक्का, कोण हाय गं?’

‘कुणी न्हाई. तू तव्याकडं बघ, करपायलीय!’

आणि फोन बंद झाला.