पुंगीमास्तरांचा सायलेन्सर

पुंगीमास्तरांच्या दुकानावर पाटी होती: 'आवाज दुरुस्त करून मिळेल'. दुकान म्हणजे काय, तर घराचीच पुढची खोली. भिंतीवर खिळ्यांना लटकलेले बिगूल आणि ट्रंपेट, मधोमध लाकडी बाक, आणि बाकावर वाकलेले मास्तर. चाळीस वर्षं या माणसाने पोचे काढले, चिरा बुजवल्या, नळ्या साफ केल्या. मुकी झालेली वाद्यं त्यांच्याकडे यायची आणि बोलत परत जायची. काम झालं की मास्तर डोळे मिटून एक लांब सूर लावायचे आणि गल्लीला कळायचं, आणखी एक गिऱ्हाईक सुटलं.

त्यांच्या लेकीची मोटरसायकल मात्र न सांगताच बोलायला लागली होती. लेक एका लॅबमध्ये नोकरीला. सकाळी सकाळी घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं आणि दहाच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. दोन वर्षं वणवण केल्यावर मिळालेली नोकरी, आणि तिच्यासाठी घेतलेली ही छोटी गाडी. लेकीच्या आधी ती तिघांनी दामटलेली. सायलेन्सर गंजून आधीच पापडासारखा झाला होता. एका स्पीडब्रेकरवर आपटला आणि मधोमध फाटला. मग काय विचारता! एका आजोबांचं ब्लडप्रेशर लेक जिन्यात पोचायच्या आधीच चढायला लागलं. तक्रारी गेल्या. शनिवारी लॅबच्या साहेबांनी सांगून टाकलं, "सोमवारी मी स्वतः गेटवर उभा राहणार. गाडी गुपचूप आली तर ठीक, नाहीतर तुझी फेरी दुसऱ्याला."

मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि मान हलवली. "पत्र्याचा कागद झालाय. नवीनच घाला." नव्याची किंमत ऐकून लेक गाडी ढकलत घरी आली. डोळ्यांत पाणी होतं.

"नळीच ना?" मास्तर म्हणाले. "आण इकडे."

"अहो, मोटरसायकल आहे ती. बिगूल नाही," बायको आतून म्हणाली.

"नळी ती नळी."

मास्तरांनी सायलेन्सर सोडवून बाकावर घेतला. कथलाचा डाग देऊन सांधलं तर इथे टिकणार नाही, इंजिनाच्या उष्णतेने वितळेल, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पितळेचाच डाग हवा. पण गंजलेल्या पत्र्याला नुसता डागही धरेना. तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, तळ कापला, अंगाला उभी चीर दिली आणि तो फाटलेल्या जागेवर घट्ट गुंडाळून कडांनी वितळलेलं पितळ सोडलं. काम असं देखणं झालं की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. "माझ्या डागाला आजवर कुणी डाग लावलेला नाही," ते म्हणाले. हे वाक्य बायकोला पाठ होतं.

इथवर सगळं झकास. इथेच थांबले असते तर! पण हाताची सवय. नळीत काही अडकलेलं असेल तर नळी बोलत नाही, हे चाळीस वर्षांचं ज्ञान. त्यांनी मागच्या तोंडातून डोकावून पाहिलं, तर आत भोकंभोकं पडलेली एक गंजकी नळी वाटेतच बसलेली. "केवढा कचरा साठलाय बघा," म्हणत त्यांनी लांब पकडीने ती खेचून काढली. बाहेर येईपर्यंत तिचा भुगा झाला. मग मास्तरांनी पुन्हा डोकावलं. आरपार उजेड दिसला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

संध्याकाळी लेकीने किक मारली. भिंतीवरचे बिगूल थडथडले. समोरच्या काकूंच्या हातून बादली सुटली.

"काय मोकळा सूर लागलाय," मास्तर डोळे मिटून म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले.

लेक पायरीवर बसली होती. "बाबा, याचं कामच गप्प करायचं असतं हो," ती हळूच म्हणाली.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून खाता तरी येते. ही नको तेव्हा वाजली होती, आणि मोडून खायचीही सोय नव्हती.

रविवारी सकाळी ते बाकाशी गालाला हात लावून बसलेले. बायको भांडी घासता घासता उठून आली, हातात तारेची घासणी तशीच. "तुमचा जन्म आवाज काढण्यात गेला. गप्प कसं करायचं ते मला विचारा. तुम्ही भरदुपारी ट्रंपेट वाजवायला घेता तेव्हा मी काय करते?"

"त्याच्या तोंडात फडकं कोंबतेस."

"मग?"

"फडकं जळेल गं. आणि सगळंच बुजवलं तर इंजिन घुसमटेल. वारा सुटला पाहिजे, फक्त आवाज..." मास्तर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर घासणीवर गेली.

त्यांनी एका मोडक्या ट्रंपेटची सरळ नळी कापून घेतली. आता तिला भोकं पाडायची होती. ज्यांनी जन्मभर भोकं बुजवली त्यांचा हात पहिल्या भोकाला धजेना. "माफ कर गं बाई," ते नळीला म्हणाले आणि ड्रिल टेकवलं. बेचाळीस भोकं पाडली. वारा नळीतून सरळ जाईल आणि आवाज भोकांतून निसटून घासण्यांच्या तारांत गुंतेल, असा हिशेब. दोन घासण्या गुंडाळून झाल्या तरी जागा उरली. समोरच्या काकूंकडे आणखी एक मागितली. कशासाठी हवी ते कळलं, तेव्हा त्या स्वतः नवीकोरी घेऊन आल्या. "आणखी चार देते हवं तर," म्हणाल्या.

ती गुंडाळलेली नळी पोटात बसवून दुपारी सायलेन्सर गाडीला चढवला. मास्तर भीतीने पाठ करून उभे राहिले. बराच वेळ गेला.

"अगं, चालू कर की."

"केव्हाची चालूच आहे, बाबा."

ट्रंपेटने मास्तरांचा एक कान आधीच अधू केला होता, हे खरं. पण दुसरा शाबूत होता, आणि त्यातही पोटभर जेवलेल्या मांजराएवढीच गुरगुर येत होती. बायको दारात हसत उभी होती. तिच्या सहा पेल्यांचे पाच झाले होते, तरी हसत होती.

सोमवारी मास्तरांचं कामात लक्ष लागेना. दहा वाजता फोन आला.

"बाबा, साहेब गेटवर उभे होते. मी त्यांच्या शेजारून आत गेले तरी रस्त्याकडेच कान लावून उभे. मागून हाक मारली तेव्हा म्हणतात, पेट्रोल संपलं का, गाडी ढकलत आणलीस?"

"मग फेरी?"

"माझीच."

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत त्यांचं काम पहिल्यांदाच कुणाला ऐकू आलं नव्हतं, आणि इतका आनंद त्यांना कुठल्याच सुराने दिला नव्हता. त्यांनी खडू घेतला, स्टुलावर चढले आणि पाटीवर खाली दोन ओळी लिहिल्या:

'बंदही करून मिळेल.
चौकशी आत, बाईंकडे.'