अहिंसेचा सराव

आमच्या घरी पोलीस आले ते अहिंसेमुळे.

सुरुवात झाली ओवीच्या शाळेतल्या पालकसभेत. ओवी ही आमची मुलगी, वय बारा, जन्म इथला, जर्मनीतलाच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिच्या वर्गात तेव्हा अमेरिकेतल्या त्या कृष्णवर्णीय नेत्यावर धडे चालू होते, ज्यानं हात न उगारता आपल्या माणसांच्या हक्कांसाठी लढा दिला आणि ज्याचं भाषण ऐकायला माणसांचा समुद्र लोटायचा. त्याचा वारसा आज आपल्यासाठी काय, यावर कोणी पालक थोडं बोलेल का, असं वर्गशिक्षिका फ्राऊ लेन्झ यांनी विचारलं. अशा वेळी जर्मन पालक आपापल्या बुटांकडे बघतात. माझा हात वर गेला. मी केला नाही, तो गेला.

त्या बिचाऱ्या हाताचाही दोष नाही. नांदेडला आमच्या कॉलनीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या स्टेजवर मी शाळकरी वयापासून बोलत आलोय. बाबांनी त्या नेत्याचा फोटो पेपरातून कापून आमच्या भिंतीवर लावला होता आणि 'तिकडचा आपला माणूस' अशी त्याची ओळख करून दिली होती. कॉलेजात मला वक्तृत्वाच्या ढाली मिळाल्या. मग इंजिनिअर होऊन गेर्लिंगेनला आलो आणि माझ्यातला वक्ता वारला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं सगळ्यात लांब भाषण 'गेनाऊ' एवढंच असतं. (गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. या एका शब्दावर मी नोकरी टिकवून आहे.)

ओवीला हे कळलं तेव्हा ती जेवणावरून उठली. वर्गात एकटीच आपल्याकडची असल्यामुळे तिला आधीच कोणी ना कोणी 'तुमच्याकडे असं असतं का' म्हणून विचारत असतं. त्यात आता बाप येऊन गर्जना करणार. जाता जाता ती दारात थांबली आणि म्हणाली, "पापा, तू साधं बोल ना." हे ती मराठीत म्हणाली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी भाषण लिहिलं. माझी बायको स्नेहल हिनं त्यातलं व्याकरण सुधारलं, म्हणजे जवळपास सगळंच पुन्हा लिहिलं. अडचण एकाच शब्दाची होती. अहिंसेला जर्मनमध्ये 'गेवाल्टलोझिशकाइट' म्हणतात. 'गेवाल्ट' म्हणजे हिंसा. नकार मागून येतो. आपल्याकडे 'अ' आधी येतो, त्यामुळे माणूस हिंसेपर्यंत पोचण्याआधीच सुरक्षित झालेला असतो. जर्मन माणसाला शेवटपर्यंत धीर धरावा लागतो. आणि माझा श्वास त्या शब्दाला पुरत नव्हता. मग मी वक्त्याची जुनी युक्ती काढली. जिथे दम संपतो तिथे परिणामकारक विराम घ्यायचा. "गेवाल्ट!" असं गरजायचं, श्रोत्यांवरून नजर फिरवायची, आणि मग उरलेलं हळुवारपणे सोडायचं.

शेवटची तालीम रविवारी दुपारी ठेवली. उकडत होतं म्हणून बाल्कनीचं दार उघडं होतं. श्रोत्यांमध्ये सासूबाई होत्या, तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि पाठीवर थाप मारावी तशी त्यांची टाळी असते. जर्मनचं अक्षर कळत नसूनही माझ्या प्रत्येक विरामाला त्या एक सणसणीत टाळी देत होत्या. स्वयंपाकघरातून स्नेहल मधूनच ओरडत होती की पुन्हा चुकलास, पुन्हा कर. ओवी खोलीचं दार आपटून आत जाऊन बसली होती.

आता हे सगळं खालच्या मजल्यावरून कसं ऐकू येत असेल, याचा विचार करा. पुरुष ओरडतो, "हिंसा!" मग क्षणभर शांतता. मग फाडकन आवाज. मग एक बाई किंचाळते. मग दार आपटतं. मग पुन्हा, "हिंसा!" (हळुवार सोडलेला उरलेला अर्धा शब्द छतातून खाली पोचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.) आणि हे रविवारी, जेव्हा आमच्या गावात काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंसुद्धा असभ्य समजतात.

बेल वाजली. दारात एक पोलीस आणि एक पोलीसबाई. मी हातवारे करत होतो तो हात तसाच वर राहिला. पोलिसानं मला शांतपणे तो खाली घ्यायला सांगितलं.

त्यांनी आम्हाला वेगवेगळं केलं. पोलीसबाई ओवीला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी हॉलमध्ये पोलिसाला भाषणाचे कागद दाखवत होतो, पण घाबरल्यामुळे माझं जर्मन 'गेनाऊ'वर येऊन ठेपलं होतं. घरात भांडण झालं का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, गेनाऊ. स्नेहलनं कपाळाला हात लावला.

ओवीनं आत काय सांगितलं ते मला नंतर कळलं. पोलीसबाईंनी विचारलं, बाबा काय करत होते? ती म्हणाली, "ते अहिंसेचा सराव करतायत." यावर त्या बाई म्हणाल्या म्हणे, "आणि अजून जमत नाहीये?"

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून धरले होते. त्यांनी मला तो शब्द म्हणून दाखवायला सांगितला. मी सवयीनं मध्येच थांबलो, सासूबाईंनी सवयीनं टाळी दिली, आणि पोलीस दचकून भिंतीला टेकला. मग दोघंही हसले, पण बाल्कनीचं दार लावून घ्यायला सांगूनच गेले.

मला हसू येत नव्हतं. मला खात्री होती की हे खालच्या मजल्यावरच्या हेर श्टाइगर यांचं काम. (हेर म्हणजे जर्मनमध्ये 'श्रीयुत', पण त्या दिवशी मला मराठीतलाच अर्थ पटत होता.) ऐंशीच्या घरातले एकटे गृहस्थ. जिन्यात भेटले की मान हलवायचे, तेवढीच ओळख. आम्ही सावळे, म्हणून आमच्या घरात मारहाणच चालणार असं यांनी धरलं, हे माझ्या डोक्यात बसलं. मी चपला घातल्या. स्नेहलनं विचारलं, कुठे? मी म्हटलं, त्याला दाखवतो. ती म्हणाली, "मिलिंद, उद्या तू कोणावर बोलणार आहेस ते एकदा आठव." मी ते न आठवता खाली गेलो.

दार लगेच उघडलं. म्हातारा दारामागेच उभा असावा. त्याचा चेहरा उतरला होता आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, मुलगी ठीक आहे ना? माझं अर्धं भाषण तिथेच गळून पडलं. तरी उरलेलं मी विचारलंच, की वर कोणी जर्मन कुटुंब असतं तरी तुम्ही फोन केला असता का?

ते म्हणाले, ठाऊक नाही, केला असता असं वाटतं. मग सावकाश, मला कळेल अशा जर्मनमध्ये सांगितलं, "लहानपणी आमच्या भिंतीपलीकडे एक बाई रडायची. सगळ्यांना ऐकू यायचं. आमच्या घरात रेडिओ मोठा करायचे." पुढे म्हणाले, "मी मूर्ख ठरलो तर चालेल. रेडिओ मोठा करणार नाही."

मी गेनाऊ म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द योग्य जागी पडला असावा. त्यांनी मला कॉफी दिली आणि माझ्याकडून तो लांब शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला, एका दमात येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो. ओवी मागच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. मी पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरात बोलतो तसं, मोडक्या जर्मनमध्ये, रविवारी काय घडलं ते सांगितलं. पोलीस दचकल्याचं सांगितलं तेव्हा मुलं बाकांवर हात आपटून हसली. रेडिओचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. मग मी एवढंच म्हणालो की तो नेता बोलायचा ते टाळ्यांसाठी नाही, ज्यांनी रेडिओ मोठा करून ठेवलाय त्यांच्यासाठी; आणि मी मात्र काल टाळ्यांसाठीच ओरडत होतो. ओवीनं एक डोळा उघडला. घरी येताना तिनं माझा हात धरला, शाळेचं फाटक दिसेनासं झाल्यावर का होईना.

फ्राऊ लेन्झ यांना कार्यक्रम फार आवडला. इतका, की पुढच्या वर्षी तो पूर्ण शाळेसाठी ठेवला आणि वक्त्याला रीतसर आमंत्रण पाठवलं. हेर श्टाइगर छान बोलले, अगदी साधं, एकदाही आवाज न चढवता. मलाही आग्रहानं बोलावलं होतं. खुर्च्या मांडायला.