देवाजीकाकांचा बंद कूलर

देवाजीकाका आजही कूलरशिवाय झोपले असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. एवढी रात्र झाली तरी भिंती तापलेल्याच आहेत. घरचे म्हणतात, "स्वतःच्या दोन लेकरांची काळजी पुरत नाही का तुला?" नाही पुरत. काका शेजारी एकटे राहतात, पंचाहत्तरीला टेकलेत, आणि एप्रिल संपत आलाय.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच काम लावून घेतलंय: बागेतून मांजरी हाकलणं. सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी पेरायला माती भुसभुशीत केली रे केली, की गल्लीतल्या मांजरी येऊन तिथेच उरकून, वर माती लोटून जात. काकांनी कुंपणाला लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या; मांजरी बाटल्यांना पाठ घासू लागल्या. बोरीचे काटे पसरले, ते काकांच्याच पायात रुतले. शेवटी कोणीतरी सांगितलं की मांजरीला संत्र्याचा वास सोसत नाही. झालं! हिवाळाभर काका पिशवी घेऊन दारोदार.

"काहून वं, सालं फेकून राहिली काय? मले दे."

"काका, सकाळीच तर नेली."

"मंग अजून खा ना संत्री!"

माझ्या पोरांना खोकला झाला, पण काकांची पिशवी भरली. वाळलेल्या सालांचं पोतं त्यांनी मागच्या खिडकीतल्या बंद कूलरमध्ये ठेवलं, आणि कॉलनीत भेटेल त्याला मांजरांवर व्याख्यान द्यायला सुरुवात केली.

परवा दुपारी मी पन्हं घेऊन गेले, तर काका डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसलेले. पंखा नुसती गरम हवा फेकत होता.

"कूलरची मोटर जळली काय काका?"

"हळू बोल वं. झोपून राहिले ते."

त्यांनी कूलरची बाजूची जाळी अलगद सरकवली. आत त्याच पोत्यावर भुरी मांजर आडवी पडली होती आणि चार पिल्लं तिला लुचत होती.

"यांना सालांचा वास सोसत नाही ना?"

"हिले सर्दी असन," काका म्हणाले.

"पिल्लं खोक्यात ठेवा आणि कूलर लावा. ऊन लागेल तुम्हाला."

"हात लावला तर भुरी त्यायले उचलून रस्त्यावर नेते. बाहेर कुत्रे हायेत. बाळंतिणीले उठवू काय?"

"मग आमच्याकडे झोपायला या."

"अन् इकडं बोका आला तर? तीस वर्षं बॉयलरपाशी उभा होतो मी. मले ऊन सांगते!"

वर त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. त्यांची लेक दीपमाला वाडीला असते, तिला सांगायचं नाही. ती त्यांना उचलून घेऊन जाईल. आणि कॉलनीत तर मुळीच नाही. एवढ्या व्याख्यानांनंतर तोंड कुठे दाखवणार?

मी शब्द पाळला असता. पण आज संध्याकाळी पाणी घालताना काका वाफ्यातच बसून राहिले. मी फाटक उघडून धावले.

"काही नाही वं, तण काढून राहिलो."

हातात तण नव्हतं. सांभार होता, मुळासकट. ओठ कोरडे पडले होते, आणि उठताना त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की अजून दुखतोय. पाणी प्यायले, जाळीतून मांजरीला बघून आले आणि मला घरी हाकललं.

दीपमालाकडे दोन कूलर आहेत. त्यातला लहान सकाळी टेम्पोत टाकून आणला आणि पुढच्या खोलीत लावला, तर भुरीला कोणी उठवायला नको. काका मात्र महिनाभर माझ्याशी बोलणार नाहीत. नाही तर नाही. इतक्या रात्री फोन वाजला की दीपमाला दचकेल, पण उद्याची दुपार मला बघवणार नाही. तिला आत्ताच फोन लावते.