चौथी खेप

मायग्रेशनच्या दाखल्यासाठी सत्त्याण्णव साली मी विद्यापीठाच्या बेलापूरच्या ऑफिसात चार खेपा घातल्या. तिथला कारकून दर वेळी फडक्यानं समोरची खुर्ची पुसायचा, मला बसवायचा, नेरूळहून बस मिळाली का विचारायचा आणि शेवटी "उद्या या" म्हणायचा. चौथ्या दिवशी त्यानं ड्रॉवरमधून दाखला काढला. त्यावर तारीख पहिल्याच दिवसाची होती. माझं डोकं फिरलं.

"तयार होता तर दिला का नाही?"

"दाखला दिल्यावर परत कोण येतंय, साहेब? पगार चांगला हाय, टेन्शन काय नाय. पण या टेबलाशी कोणी बसत नाय."

आणि त्यापायी माझ्या तीन रजा फुकट गेल्या. दाखला हिसकावून मी निघालो. दारातून वळून पाहिलं, तर तो खुर्ची पुसत होता आणि एक मुलगी फॉर्म घेऊन त्याच्याकडे चालली होती. तिला सावध करायला हवं होतं. मी सरळ बसस्टॉप गाठला.