अकरा पावलांची तार

मोटारी भरून देणाऱ्या काकांचं दुकान घरामागच्या अंगणापलीकडे होतं, मोजून अकरा पावलांवर. पंख्याची नाहीतर पंपाची जळकी मोटार आली की काका आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे, नवी तांब्याची गुंडाळायचे आणि मोटार पुन्हा फिरू लागली की पोटच्या पोरीने पहिलं पाऊल टाकावं तसे तिच्याकडे बघत बसायचे. चाळीस वर्षं हेच. तारेबद्दल आपल्याला कुणी काही शिकवावं, हे त्यांना मुळीच खपत नसे.

काकूंचं मात्र तारेशी हाडवैर. लग्नानंतर आठच दिवसांत एका लोंबत्या तारेत पाय अडकून त्या दुधाच्या पातेल्यासकट आडव्या झाल्या होत्या. तेव्हापासून घरात तार दिसता कामा नये, हा कायदा. काकांनी तो निमूटपणे पाळला. न पाळून सांगतात कुणाला!

यंदा काकूंचं मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि दोन महिने आधाराशिवाय उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. लेक आली आणि म्हणाली, "बाबा, आईला मी घेऊन जाते. तुम्ही दिवसभर दुकानात. तिने हाक मारली तर तुम्हाला ऐकू तरी येणार का?"

लेकीचं गाव एका दिवसाच्या प्रवासावर. "घंटा बसवतो," काका घाईघाईने म्हणाले. "बटण दाबलं की मी हजर."

"बघा. रविवारी मी परत येते, तेव्हा ठरवू."

उशाशी बटण, दुकानात घंटा, चार सेल. तार विकत आणणं काकांना कमीपणाचं वाटलं; मोटारींची केसासारखी बारीक तार दुकानात रिळंच्या रिळं पडली होती. आणि कायदा होताच. म्हणून ती तार कपाटामागून, चौकटीमागून, माळ्यावरून, अख्ख्या घराला वळसा घालून दुकानात पोचली. घंटा वाजली. जरा दबक्या आवाजात, पण वाजली. काका खूश झाले.

गुरुवारी ते जेवायला आले तेव्हा काकू खाटेला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. पाणी घ्यायला उठल्या आणि घसरल्या. नशीब, कुठे लागलं नव्हतं.

"बटण दाबून दाबून अंगठा दुखला हो," त्या हसत म्हणाल्या. काकांना हसू आलं नाही.

त्यांनी सेल बदलले. घंटा कुजबुजल्यासारखीच. मग ती काढून टेबलावर वीतभर तारेला जोडली, तर कान फाटतील अशी किंचाळली. काकांनी वळून रिळाकडे पाहिलं. परवापर्यंत गच्च भरलेलं रीळ जवळजवळ उघडं पडलं होतं. जायची आणि यायची धरून शंभर मीटर तार! तार जितकी लांब आणि बारीक, तितकी ती विजेला अडवते, हे ते गिऱ्हाइकांना ओरडून ओरडून सांगत आले होते. स्वतःच्या बायकोच्या वेळी तेवढं विसरले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते काकूंच्या उशाशी जाऊन बसले. "चूक माझी आहे. तार फार लांब झाली, वीज वाटेतच संपते. आता जाड तार आणतो. पण ती चौकटीमागे मावायची नाही. सरळ न्यायची तर खिडकीतून, तुझ्या डोळ्यांसमोरून जाईल."

"म्हणजे एवढा वळसा माझ्यापायी घेतलात?"

"तुला तार दिसलेली चालत नाही ना."

काकूंनी काकांचा तांब्याने लाल झालेला हात धरला. "अहो, आणि तुम्ही दिवसभर दिसत नाही, ते चालतं का मला?"

रविवारी लेक आईचे कपडे न्यायला रिकामी बॅग घेऊनच आली. तिने बटण दाबलं. अंगणापलीकडे घंटा दणाणली आणि पाठोपाठ हातातला पाना तसाच घेऊन काका धावत आले. लेकीने बॅग खाटेखाली सरकवली. मग खोलीच्या मधोमध लोंबणाऱ्या त्या जाड तारेकडे तिचं लक्ष गेलं.

"आई, तुझ्या घरात हे लोंबतं ध्यान? थांब, भिंतीकडून फिरवून घेते."

"खबरदार हात लावलास तर," काकू म्हणाल्या. "वीतभरसुद्धा लांब करायची नाही."