स्थळं फक्त आमच्या वायरलेसवर

१२ मे २००८. फणसपोळ्या गच्चीत उन्हाला घातल्या, कावळ्यांसाठी वरून जुनी ओढणी टाकली आणि स्थळं बंद करायला खाली येऊन बसले.

स्थळं म्हणजे लग्नाची. महाडच्या कॉलेजात गणित शिकवून उरलेल्या वेळात मी ओळखीतल्या मुलामुलींची लग्नं जमवत असे. फोटो लोक घेऊन जात आणि परत आणत नसत, म्हणून मी ते स्कॅन करून जुन्या कॉम्प्युटरवर टाकले आणि त्याचाच घरच्या घरी वेब सर्व्हर केला. त्या साइटचा पत्ता मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर सांगितला. त्यांनी तो पुढे कोणाकोणाला सांगितला, ते मला विचारू नका.

आदल्या दिवशी उमरठची एक मुलगी आईला घेऊन आली होती. पोलादपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. घरी मोबाइलला रेंज नाही, म्हणून महिन्यापूर्वी फोटो देताना आईने संपर्कासाठी दवाखान्याचा नंबर दिलेला. मुलगी दिवसभर तिथेच असते, तर फोनही तिथेच यावा, असा सरळ हिशेब. मीही तो तसाच टाकला. आता मुंबईहून कोणीही फोन करून नर्सबाई गोऱ्या आहेत का, असं विचारत होतं.

“डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी असले फोन आले तर कामावर येऊ नको,” मुलगी म्हणाली. “माझं काढूनच टाका.”

“काडू नका, बाई,” आई म्हणाली. “मुंबयवाले बगतात म्हनून तर स्थळं येतात. आनि तू गो, नोकरीशी लगीन लावनार हायस काय?”

“नोकरी रंग तरी विचारत नाय.”

मी मधला मार्ग काढला. नंबर माझ्या घरचा टाकायचा. फोटो राहील, पण आमच्या घरच्या वायरलेस नेटला जोडलेला असेल त्यालाच दिसेल. ज्याला मुलगी बघायची त्याने महाडला यावं, खुर्चीत बसावं, चहा घ्यावा आणि बघावं. म्हणजे मलाही तो माणूस बघता येईल.

काम दोन ओळींचं होतं. सगळ्यांना मनाई, आणि वायरलेसवरच्यांना तेवढी परवानगी. पहिल्या खेपेला क्रम चुकला आणि मीच बाहेर राहिले. दुरुस्त केलं. दादरच्या भावाला फोन करून उघडून बघायला सांगितलं.

“परवानगी नाही म्हणतंय,” तो म्हणाला. “अगं, मी सख्खा भाऊ आहे.”

“मग घरी ये,” म्हटलं आणि फोन ठेवला.

दुपारी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर उमरठची मुलगी पडदाभर दिसत होती. दोन अनोळखी माणसं वाकून बघत होती आणि प्रिंटर चालू होता.

“हे तुझ्याकडे कसं उघडलं?”

“तुमच्याच वायरलेसवर, वहिनी. झकास चालतं.”

पासवर्ड मीच दिला होता. आमच्याकडे जोडणी आली तेव्हा विरजण मागायला यावं तशी सगळी आळी पासवर्ड मागायला आली होती, आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. सर्व्हरने माझं तंतोतंत ऐकलं होतं.

“हे कागद कितीजणांना दिलेस?”

“मोजले नाहीत. लग्नसराई आहे. म्हटलं, तुमचं काम जरा हलकं करावं.”

“नंबरासकट?”

“नंबराशिवाय कागदाचा उपयोग काय? आजच्यावर तुमच्या घरचा आहे. आधीच्यांवर दवाखान्याचा.”

चालू प्रिंटरमधला कागद मी ओढून घेतला. त्या दोघांना, आईवडिलांना घेऊन घरी या, असं सांगितलं. ते निघून गेले.

घरी येऊन पासवर्ड बदलला. संध्याकाळी शेजारीण दारात आली.

“नेट गेलं का हो?”

“गेलं नाही. बदललं.”

“म्हणजे आमच्यावर संशय?”

“सगळ्यांवर सारखाच.”

ती चप्पल वाजवत गेली. पुढे आषाढापर्यंत बोलली नाही.

पण वाटून झालेल्या कागदांना सर्व्हर काही करू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी पोलादपूरला गेले आणि डॉक्टरबाईंना म्हटलं, “आजपासून आठवडाभर तुमचा फोन मी उचलते. मला सुट्टीच आहे. मुलीला कामावर राहू द्या.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “फोन वाजलेला मला चालतो. इंजेक्शन अर्धवट ठेवून नर्स उठलेली चालत नाही. बसा तुम्ही.”

फोनशेजारी स्टूल ओढून बसले. थोड्याच वेळात तो वाजला.

“नर्सबाई आहेत का?”

“त्यांच्या लग्नाचं मी बघते. मुलगा काय करतो?”

“मीच मुलगा.”

“मग आईला फोन दे.”

त्याने फोन ठेवला. मी पिशवीतून कडवे वाल काढले आणि निवडायला घेतले.